मधलं पातं

निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी रेणापुरात आमच्या गल्लीतली लाईट गेली की लोक आधी माझ्या दाराकडे बघतात. "मामा, किती वेळ लागंल?" असं विचारतात. मी आता लाइनमन राहिलो नाही, सबस्टेशनवाले माझा फोनसुद्धा उचलत नाहीत, हे काही त्यांना पटत नाही. मग मी "अर्धा तास" म्हणून सांगून टाकतो. आमच्या धंद्यात अर्धा तास हे फार कामाचं उत्तर आहे. लाईट आली तर आपली हुशारी, नाही आली तर फॉल्ट मोठा.

दुसरा ठरलेला प्रश्न शॉकचा. "तुम्हाला कधी बसला का हो?" बसला की. तेहेतीस वर्षांत बारीकसारीक झटके किती खाल्ले त्याची मोजदाद नाही. त्यांचे किस्से सांगून मी लग्नाच्या पंगतीत पुष्कळ भाव खाल्ला आहे. एक गोष्ट मात्र मी इथे रेणापुरात कुणालाच सांगितली नाही, बायकोलाही नाही. ती आता लिहायला बसलो आहे. आधी थोडं कामाचं सांगावं लागेल, म्हणजे चूक कुणाची झाली ते वाचणाऱ्याला नीट कळेल.

गावाबाहेर दोन खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर सगळ्यांनी पाहिलेला असतो. आमच्याकडे त्याला डीपी म्हणतात. वरून अकरा हजार व्होल्टच्या तीन तारा येतात, डीपी तो दाब कमी करते आणि खालच्या तारांमधून वीज घरात, गिरणीत, शेतातल्या पंपाला जाते. डीपी बंद करायची तर वर तारांच्या वाटेत तीन पाती असतात. ती तिन्ही एकाच दांड्याला जोडलेली असतात आणि दांडा खाली माणसाच्या हाताशी येतो. लोक त्याला हँडल म्हणतात. हँडल खाली ओढलं की तिन्ही पाती उघडतात आणि वरची वीज तुटते. पात्यांच्या पुढे वरचे फ्यूज, आणि खाली हाताशी असलेल्या पेटीत खालचे फ्यूज. पेटीतल्या फ्यूजला निम्मं गाव बिनधास्त हात घालतं. हँडलला मात्र कुलूप असतं आणि ते आमच्याशिवाय कुणी उघडायचं नाही. काम करताना सबस्टेशनमधून लाईन बंद करून घ्यायची, तारा तपासायच्या, त्या जमिनीशी जोडायच्या आणि मगच हात लावायचा. नियम सगळे चांगले आहेत. माझ्याकडे अकरा गावं आणि एक मोटरसायकल होती, एवढंच त्या नियमांना ठाऊक नव्हतं.

मी काम शिकलो नांदेडला. तिथे खाजामियाँ नावाचे जुने लाइनमन होते, आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणायचो. उस्ताद हातानं शिकवायचे आणि चुकलं की हातानंच समजावायचे. कसं करायचं ते दाखवायचे, का, असं विचारलं तर म्हणायचे, "जिंदा रह, समझ जाएगा." हँडल ओढलं की ते मान वर करून, बोटानं दाखवत हळूच मोजायचे, "एक, दो, तीन." मला वाटायचं, म्हातारा चढायच्या आधी दम घेतोय. मोजत होते ते पाती, हे पुढे माझं मलाच कळलं. तोवर मलाही मान वर करायची सवय लागून गेली होती, न शिकवता लागली आणि म्हणून ती शिकवायची गोष्ट आहे असं मला कधी वाटलं नाही.

त्याच काळातली एक गंमत सांगतो. विष्णुपुरीच्या रस्त्याला नवी कॉलनी झाली होती. तिथे एक सर राहायचे, कुठल्याशा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. घरात पुस्तकंच पुस्तकं. त्या दिवशी दुपारी आम्ही चार घरांची लाईन खांबावरूनच तोडली होती. मी वर चढून तारेला हात लावला आणि मला असा दणका बसला की कमरेचा पट्टा नसता तर मी खाली आलो असतो. उस्तादांनी खालून बघितलं, मी जिवंत आहे याची खात्री केली आणि मग कान देऊन घरोघर फिरायला लागले. सरांच्या मागच्या अंगणातून भटभट आवाज येत होता. सरांनी छोटं जनरेटर आणलं होतं. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर स्वतः बनवून त्यांनी एक टोक जनरेटरला आणि दुसरं भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसलं होतं. मेन स्विच बंद करायचा राहिला होता. जनरेटरची वीज घरात फिरून मीटरमधून बाहेर, थेट माझ्यापर्यंत आली होती.

उस्तादांनी सांगितलं तर सर बनियनवरच फाटकापाशी आले आणि शांतपणे समजावून द्यायला लागले. "हे बघा, वीज जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते. तुमच्या लाईनमधून ती माझ्या घरात येईल. माझ्या घरातून बाहेर जायचा प्रश्नच येत नाही."

"बराबर है सर," उस्ताद म्हणाले, "लेकिन आज जा रही है. वो ऊपर लटकेला है, उसको पूछो."

सरांनी मान वर करून मला बघितलं. मी हात हलवला. ते पायरीवर बसले, थोडा वेळ विचार केला आणि एकदम उठून जनरेटर बंद करून आले. नंतर आत जाऊन स्वतः चहा करून आणला, माझ्यासमोर हात जोडले आणि म्हणाले, "नियम बरोबर होता हो. तुमची लाईन बंद असली की दाब माझ्याकडे जास्त, एवढं मला सुचलं नाही." माणूस मोठा होता. पण आम्ही कितीतरी वर्षं ऑफिसात त्यांची नक्कल करून हसत राहिलो. अर्धवट ज्ञान ही दुसऱ्यांच्या घरातली भानगड आहे, आपण खांबावरचे पक्के लोक, असं माझ्या डोक्यात तेव्हाच बसलं असावं.

पुढे माझी बदली जळकोटच्या भागात झाली. गावं डोंगरकडेची, रस्ते कसे ते विचारू नका. त्यातल्या एका गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथली पिठाची गिरणी शिवकांताबाई चालवायच्या. त्या भागाला कर्नाटक जवळ, थोरल्या बहिणीला अक्का म्हणायची पद्धत, म्हणून सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं. नवरा लवकर गेला. धाकटा दीर विश्वनाथ तेव्हा शाळेत होता, त्याला अक्कांनीच वाढवला, लग्न करून दिलं. गिरणीतली पोती उचलणं, पट्टा बदलणं, जात्याच्या दगडाला टाकी लावणं ही कामं विश्वनाथ करायचा आणि गिरणीचा कारभार अक्कांकडे. दोन घरं समोरासमोर, मध्ये रस्ता. वहिनी-दिराचं इतकं पटलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

गिरणी म्हटली की लाईटवर जीव. फ्यूज गेला की अक्कांचा फोन आलाच. "दादा, लई दळण साचलंय बगा. या की." मी पंचवीस किलोमीटर जायचो, हँडल ओढायचो, पेटीतला फ्यूज बांधायचो, हँडल वर करायचो आणि परत यायचो. काम पाच मिनिटांचं, जाणं-येणं दोन तासांचं. एकदा पावसाळ्यात आठवड्यातून चार फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी मी अक्कांना म्हटलं, "इकडं या, मी दाखवतो."

त्या पदर खोचून आल्या. मी दाखवलं: हे कुलूप, हे हँडल, ते असं पार खाली ओढायचं. गावात दिवे गेले का बघायचं. मग पेटी उघडायची, फ्यूजला तार बांधायची, ही एवढीच जाड, याच्यापेक्षा जाड नाही. पेटी लावायची, हँडल वर. त्यांनी दोनदा करून दाखवलं. माझ्या हाताखाली आलेल्या कुठल्याही माणसापेक्षा त्या लवकर शिकल्या. कुलुपाची एक किल्ली मी त्यांच्या गिरणीत खिळ्याला अडकवून ठेवली. नियमात हे बसत नव्हतं, मला माहीत होतं. पण गावाची सोय झाली होती, माझी तर झालीच होती, आणि अक्का काम इतकं चोख करायच्या की मला त्यात काही वावगं वाटेना. पेटीत कुणी जाड तार घातली तर त्या त्याच्या दारात जाऊन भांडायच्या. "डीपी जळाली तर तुझ्या घरातल्या बायका जात्यावर बसतील का रं?" असं विचारायच्या.

अक्कांना एक खोड होती, प्रश्न विचारायची. त्या पहिल्याच दिवशी त्यांनी वर बघून विचारलं, "दादा, हँडल ओढल्यावर वर ते काय हाललं?"

"ती पाती. तुम्ही त्याच्याकडं बघू नका, तुम्ही हँडलकडं बघा."

"अन् तीन काहून हायेत?"

मला पुढच्या गावाला जायचं होतं. मी हसून म्हणालो, "अक्का, तुम्हाला एवढं कळून काय करायचंय? लाईट गेली म्हणजे बंद झालं, एवढं ध्यानात ठेवा."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्या हँडलचं मधलं पातं कधीकधी अडकायचं. गंज होता, स्प्रिंग सैल होती. मला ते ठाऊक होतं. मी मान वर करायचो, मधलं पातं राहिलेलं दिसलं की हँडल पुन्हा वर नेऊन एक झटका द्यायचो, ते सुटायचं. दुरुस्तीचं मी ऑफिसात तोंडी सांगितलं होतं, लेखी दिलं नव्हतं. अक्कांना यातलं काहीच सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. ते सांगायची गोष्ट आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यांना फक्त खालची पेटी हाताळायची होती आणि खालच्या पेटीपुरतं तेवढं ज्ञान चालून जात होतं. चार वर्षं चाललं.

मग ती येळवस आली. बाहेरच्यांसाठी सांगतो, येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूर भागात त्या दिवशी गावंच्या गावं ओस पडतात, सगळे शेतात. आंबील, भज्जी, उंडे, भाकरी, येईल त्याला वाढायचं. त्यामुळे आदल्या दिवशी गिरणीवर ही गर्दी. मी रजा टाकून रेणापूरला आमच्या शेतावर आलो होतो, पूजेसाठी कडब्याची खोप उभी करत होतो. येळवशीच्या आदल्या दिवशी, सकाळी दहा-साडेदहाला अक्कांचा फोन आला.

"दादा, वर फांदी पडलीय. फडकन आवाज झाला अन् मोटर घुमायलीय, फिरंना. गावात निम्मी लाईट हाय, निम्मी न्हाई. वरचा फ्यूज लोंबायलाय."

"मी रजेवर हाय अक्का. दुसरं कुणी येणार नाही आज."

"मग दळण कसं व्हावं? साऱ्या गावाचं पडलंय. भावजी म्हणायलेत, मी चढतो म्हणून. त्यांनी तुम्हाला बांधताना बघितलंय."

इथे मी काय बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हणालो, "हँडल ओढलं का?"

"ओढलंय. पार खालपर्यंत."

"दिवे गेले का सगळे?"

"हाव. एक बी न्हाई."

"मग काय हरकत नाही. संभाळून चढा म्हणावं."

फोन ठेवून मी खोपीचा दोर आवळायला लागलो. दहा मिनिटांनी पुन्हा फोन वाजला, तेव्हा पलीकडे अक्का नव्हत्या, दुसरंच कुणी तरी ओरडत होतं.

मधलं पातं अडकलं होतं. विश्वनाथनं फांदी काढली आणि फ्यूजला उजवा हात लावला. तो खाली फेकला गेला, म्हणून वाचला. उदगीरला, तिथून लातूरला नेला. उजवा हात कोपराच्या वरून काढावा लागला. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा अक्का जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या, साडीवर तसंच पीठ. मला बघून एवढंच म्हणाल्या, "दादा, मी पुरं ओढलं होतं हो." मी त्यांच्यापाशी बसायला हवं होतं. मी उभाच राहिलो.

तिसऱ्या दिवशी चौकशीला साहेब आले. चांगला शिकलेला, शांत माणूस. डीपीखाली उभं राहून त्यांनी मला विचारलं, "मधलं पातं चिकटलेलं असेल तर गावात दिवे राहतील का?"

मी म्हणालो, "थोडे तरी राहतील साहेब."

"एकही राहणार नाही. दिवा लागायला दोन तारांमधला फरक लागतो. एकच तार जोडलेली राहिली तर खाली सगळा अंधार. पण तीच एक तार डीपीच्या आतून फिरून वरच्या तिन्ही ठिकाणी पोचते. वर सगळं जिवंत आणि खाली सगळं मेलेलं. म्हणूनच डोळ्यांनी पाती मोजायची."

नोकरीला पंचवीस वर्षं झाली होती आणि हे मला त्या दिवशी कळलं. उस्तादांची मोजणी मी उचलली होती, पण ती नसेल तर काय होतं हे मला माहीत नव्हतं. मी खांबाजवळ असताना मान वर करायचो म्हणून वाचत आलो. फोनवर मान वर करता येत नाही, तिथे माझ्याकडे होतं ते एवढंच: दिवे गेले का? त्या सरांना आम्ही हसायचो. सरांनी निदान पायरीवर बसून आपली चूक स्वतः शोधून काढली होती.

मग जबाब झाले. साहेबांनी अक्कांना विचारलं, हँडल ओढायला कुणी सांगितलं, कुलूप कसं उघडलं. मी शेजारी उभा होतो. किल्लीचं आता निघणार, नोकरी गेली, असं मी मनात धरलं होतं. अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कुलूप कवाच मोडलंय साहेब. हँडल मीच ओढलं. मला कुणी शिकवलं न्हाई, माझं मीच बघून बघून करायलीय."

साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बरोबर आहे?"

मी म्हणालो, "हो साहेब."

नंतर गिरणीमागे अक्कांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मी विचारलं, असं का सांगितलं. म्हणाल्या, "तुमची नोकरी घालवून भावजीचा हात येणार हाय का? अन् अकरा गावाला कोण येईल मग?" मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. मी किल्ली खिशात टाकली आणि मोटरसायकल चालू केली. दोन महिन्यांत मी खटपट करून रेणापूरला बदली करून घेतली. साहेबांच्या अहवालावरून ते हँडल बदललं गेलं, एवढं कानावर आलं. त्या गावाला मी पुन्हा गेलो नाही.

रेणापूरला आल्यावर मी बदललो, असं लोक म्हणायचे. नव्यानं भरती झालेल्यांना मी पाती मोजायला लावायचो, का ते सांगायचो, दहादा विचारलं तरी सांगायचो. ते कंटाळायचे. त्यांच्यासमोर मी मोठा जाणता ठरलो. निरोपाच्या कार्यक्रमात एकानं भाषणात सांगितलं की मामांच्या हाताखाली एकही अपघात झाला नाही. मला खुर्चीत बसवेना. उठून खरं सांगावं असं वाटलं, पण गळ्यात हार होता, समोर बायको, मुलगी, जावई. बसून राहिलो.

निवृत्तीचा कागद हातात पडल्यावर मला धीर आला. हा धीर काही कौतुकाचा नाही, आता कुणी काही करू शकत नव्हतं म्हणून आलेला. मी एसटीनं जळकोटला गेलो आणि तिथून जीपनं त्या गावात. नऊ वर्षं झाली होती.

गिरणी चालू होती. अक्का थकल्या होत्या, चष्मा लागला होता. मला ओळखलं. "या दादा," म्हणाल्या, जणू गेल्या आठवड्यात फ्यूज बांधून गेलो होतो. पोती आता त्या स्वतःच ओढत होत्या. मी विचारलं, "विश्वनाथ?"

"हायेत की. समोर." त्यांनी रस्त्यापलीकडच्या दाराकडे मान केली. "बोलत न्हाईत माझ्याशी. दवाखान्यातून आले तवापासून. त्यांचं दळण शेजारच्या गावाला जातंय. गावातले बी म्हणत्यात, बाईच्या हातात जोर किती असणार, अर्धंच ओढलं आसंल. मला बी तसंच वाटतंय कवा कवा. राती पडल्यावर हात बघत बसते. पुरं ओढलं होतं का न्हाई, आता आठवंना झालंय."

मी गेलो होतो माझं ओझं हलकं करायला. या बाईवर काय गुदरलं असेल हे मी नऊ वर्षांत एकदाही नीट विचारात घेतलं नव्हतं. माझी कल्पना अशी, की अक्कांना सगळं ठाऊक आहे आणि त्यांनी मला पोटात घातलं आहे. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. साहेबांनी मला समजावलं, अहवालात लिहिलं, फाईल बंद झाली. ज्या बाईनं हँडल ओढलं तिला येऊन कुणी सांगितलं नव्हतं. ते काम माझं होतं.

मी त्यांना खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. जमिनीवर पिठाचा थर होता, त्यात बोटानं तीन तारा काढल्या, तीन पाती काढली. मधलं पातं कसं अडकायचं, ते मला कसं ठाऊक होतं, झटका कसा द्यायचो. दिवे सगळे का गेले. सांगायला फार तर पाच-सात मिनिटं लागली. अक्का चष्मा सावरून बघत राहिल्या.

"म्हंजे मी वर बघितलं असतं तर दिसलं असतं?"

"दिसलं असतं अक्का."

"अन् वर बघू नका म्हणून तुम्हीच सांगितलं होतं."

"हो."

"अन् मी पुरं ओढलं होतं."

"पुरं ओढलं होतं. पैलवानानं ओढलं असतं तरी तेच झालं असतं."

मला वाटलं आता चिडतील, शिव्या देतील, मी तयार होतो. त्यांनी पदरानं डोळे पुसले, डोळ्यांच्या कडेला पीठ लागलं. मग म्हणाल्या, "मला सांगून झालं. आता उठा, भावजीला सांगा. मी सांगून त्यांना पटायचं न्हाई." आणि माझं उत्तर न ऐकताच दळण चालू करायला आत वळल्या.

तो रस्ता दहा पावलांचा असेल. मला परत फिरावंसं वाटलं, हे खोटं कशाला सांगू. विश्वनाथ अंगणात डाव्या हातानं दोर वळत होता, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं. मी कोण ते त्याला लगेच कळलं. मी उभ्या-उभ्याच बोललो. किल्ली, चार वर्षं, मधलं पातं, येळवशीच्या आदल्या दिवशीचा फोन, जबाबातलं खोटं. काहीच वगळलं नाही. त्यानं दोर खाली ठेवला.

"वैनीनं पुरं ओढलं होतं?"

"पुरं ओढलं होतं."

"अन् त्या पात्याचं तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"नऊ वर्सं तुम्ही आला न्हाई."

"भीती वाटली."

तो मला बस म्हणाला नाही, पाणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मग आत तोंड करून बायकोला म्हणाला, "जवारीचं दळण कुठंय?"

"ते उद्या जाणार हाय की, जीपमध्ये," ती आतून म्हणाली.

"आण इकडं."

तिनं पोतं दारात आणलं. मी उचलू लागायला पुढे झालो, तर त्यानं मान हलवून मला थांबवलं. गुडघा टेकला, एका हातानं पोतं डाव्या खांद्यावर घेतलं, दोनदा डळमळला आणि उभा राहिला. माझ्या अंगावरून तो रस्ता ओलांडून गेला. तो अक्कांच्या दारात पोचला तशी आतली गिरणी थांबली.